माळ्यावरच्या महालक्ष्म्या

"यांले मी नेते," शर्मिष्ठा म्हणाली, आणि महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे तिने मांडीवर घेतले.

खोलीभर खोके पसरले होते. मखराच्या पट्ट्या, लाइटच्या माळा, झुरमुळ्या, दिवाळीचे कंदील, सगळं वेगवेगळं बांधून ठेवलं होतं. महालक्ष्म्या कालच उठल्या आणि उद्या टेम्पो येणार होता. शेखरला शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत सरकारी क्वार्टर मिळालं होतं. तो, त्याची बायको अपर्णा आणि आई पद्मिनीबाई, तिघं तात्यापारा मोहल्ल्यातलं जुनं घर सोडून तिकडे निघाले होते. शर्मिष्ठा शेखरची मोठी बहीण. सासर सोडून आली तेव्हापासून ती इथेच होती. तिने जवळच्याच ब्राह्मणपाऱ्यात, ती नोकरी करायची त्या शाळेजवळ, किरायाची खोली पाहिली होती. क्वार्टरमध्ये तू येतेस का, असं तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारायला जीभ झिजते ना माणसांची!

"दीदी, ले जाओ ना, सच में!" अपर्णाचा चेहराच खुलला. "वहाँ इतना सब कहाँ लगाएँगे? मैं तो कब से बोल रही हूँ, फोटो की पूजा कर लेंगे."

खोटं कशाला बोला, अपर्णा मनाने वाईट नव्हती. ऑफिस सांभाळून सोळा भाज्या आणि पुरणाचा घाट तिला जमणार नव्हता, आणि तिने ते कधी लपवलंही नव्हतं. द्यायला एक तयार, घ्यायला एक तयार. गोष्ट तिथेच मिटायची. पण पलंगावर पद्मिनीबाई बसल्या होत्या.

"ठेव ते खाली," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"लेकीच्या घरी महालक्ष्म्या जात नाहीत. त्या कुळाच्या असतात."

"मंग इतके वर्ष कोण करून राहिलं आई? तुह्ये गुडघे गेले तेव्हापासून पुरण मीच घाटलं न? साड्या मीच नेसवल्या न त्यांले?"

"केलं न. नाही कोण म्हणते? भावाच्या घरी केलं."

"आता माह्या घरी करीन."

"तुह्यं घर!" पद्मिनीबाई हसल्या. "किरायाच्या खोलीले घर म्हणून राहिली. आणि बसवशील कोणत्या कुळाच्या म्हणून? नवऱ्याच्या, का बापाच्या?"

असा घाव, आणि घालणारी कोण, तर जन्मदाती.

शर्मिष्ठाने भावाकडे पाहिलं. "शेखर, तू बोल काहीतरी."

शेखर चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होता. मराठी त्याला सगळी समजायची, पण अडचणीत सापडला की त्याची जीभ हिंदीच्या आडोशाला जायची. "अब मैं क्या बोलूँ दीदी? आई बोल रही है न. रख देंगे ऊपर लॉफ्ट में. सेफ रहेगा."

"बसवशील?"

"देखेंगे ना. जैसा होगा वैसा."

"आई, ऐकलं? माळ्यावर टाकणार आहे तो. बसवणार नाही."

"ऐकलं. बहिरी नाही मी." पद्मिनीबाईंनी पदर सारखा केला. "पडून राहतील. पण पोराच्या घरी पडून राहतील."

अपर्णा चहा ठेवायला उठली.

"तूच बांध," पद्मिनीबाई थोड्या वेळाने म्हणाल्या. आवाज जरा नरमला होता. "हिले नाही येत. फोडून ठेवेल."

शर्मिष्ठाने पत्र्याची पेटी पुढे ओढली. तळाला कडुनिंबाचा पाला घातला. नथी उतरवून डबीत ठेवल्या. बाबांच्या जुन्या धोतराचे मऊ तुकडे होते, त्यांत आधी ज्येष्ठा गुंडाळली, मग कनिष्ठा. चेहरा वरच्या बाजूला, नाकाला भार लागू द्यायचा नाही. महालक्ष्म्यांसोबत मांडायची त्यांची दोन्ही छोटी लेकरं मधल्या जागेत बसवली. अपर्णाने स्वयंपाकघरातून टीव्हीच्या खोक्यातलं फुग्यांचं प्लास्टिक आणून दिलं, ते तिने बाजूला सारलं. रडू तिला आलं नाही. राग इतका होता की रडायला जागाच नव्हती. हात मात्र सवयीने हळुवार चालले होते, याचाही तिला रागच आला.

या घरची एक रीत होती. पेटी मिटण्याआधी मुखवट्यांच्या कानाशी तोंड नेऊन निरोप द्यायचा, मगच झाकण लावायचं. शर्मिष्ठाने निरोप न देताच झाकण ओढलं.

"अगं, थांब!" पद्मिनीबाई पलंगावरून अर्ध्या उठल्या. "सांगितलं नाहीस त्यांले."

"काय सांगू?"

"दरवर्षी सांगतेस तेच. पुढच्या वर्षी या म्हण."

"कुठे या म्हणू, आई?"

पद्मिनीबाईंनी शेखरकडे पाहिलं. तो खिडकीशी उभा राहून फोनवर टेम्पोवाल्याला नव्या घराचा पत्ता समजावून सांगत होता.