किती रेघा?

“किती रेघा दिसतायत गं?” घराच्या मागच्या खिडकीतून घड्याळजींचा आवाज आला.

गॅरेजमध्ये, गाडीत बसलेल्या त्यांच्या बायकोने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. वायफायच्या खुणेतल्या चारही रेघा ठसठशीत भरल्या होत्या.

“एक,” ती म्हणाली.

आपण खोटं का बोललो, हे तिचं तिलाच कळेना. नवी गाडी येऊन कितीतरी महिने झाले होते, पण तीत ती आज पहिल्यांदाच बसली होती, तेही नाइलाजाने. सकाळी चहा पिताना घड्याळजींनी विषय काढला होता. घरातलं वायफाय गॅरेजपर्यंत पोचत नाही, मधे जाड भिंत आणि लोखंडी शटर. त्यामुळे गाडीतले नकाशे जुनेच राहतात आणि गाडी रोज नवी तक्रार दाखवते. वायफायचा डबा लांब वायर लावून ते या खोलीतून त्या खोलीत नेणार होते. कुठून नीट पोचतंय ते गाडीत बसून कुणीतरी सांगायला हवं होतं. एकट्या माणसाचं ते काम नव्हतं. तिने कप विसळला आणि ती गॅरेजमध्ये येऊन बसली.

जुनी गाडी त्यांनी तिला न विचारता विकली, तेव्हा ती बहिणीकडे गेली होती. परत आली तर गॅरेज रिकामं. तशी ती गाडी वरचेवर बंद पडायची, डावं दार आतून उघडायचं नाही, सगळं खरं. पण बाळंतपणाच्या वॉर्डात रात्रपाळी करून ती पहाटे बाहेर यायची, तेव्हा तीच गाडी फाटकाशी उभी असायची. आत घड्याळजी पेंगत असायचे. तिची सीट त्यांनी आधीच मागे झुकवून ठेवलेली असायची आणि पहिलं वळण यायच्या आत तिचा डोळा लागायचा. पोरं त्याच गाडीत ओकली, भांडली, चालवायला शिकली आणि आपापल्या संसाराला गेली.

“विकलीत? बरं केलंत,” एवढंच ती म्हणाली होती. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं ‘भाजी काय करू’ आणि ‘दिवा बंद करा’ यावर येऊन ठेपलं. ती बाजारात बसने जायला लागली. कधी ती थांब्यावर पिशव्या घेऊन उभी असताना घड्याळजी गाडी थांबवायचे. तिचं आपलं लक्षच नसायचं.

पण आजची हाक वेगळी होती. लग्नानंतर ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे, तेव्हा टीव्हीचा अँटेना गच्चीवर होता. घड्याळजी गच्चीवर जाऊन तो फिरवायचे आणि ती थोरल्याला कडेवर घेऊन खिडकीतून ओरडायची, आलं, आलं, गेलं, जरा मागे घ्या! खालच्या मजल्यावरचे काका तिच्याआधीच ओरडून मोकळे व्हायचे. चित्र येईपर्यंत निम्मा सिनेमा संपायचा. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

“जिन्याखाली आलोय. आता?”

“होती ती पण गेली.”

“थांब, पोरांच्या खोलीत जातो.” मग जरा वेळाने वरच्या खिडकीतून, “आता बघ.”

चार रेघा जागच्या हलल्या नव्हत्या. “आल्यासारखी वाटते,” ती म्हणाली. आपल्या आवाजात हसू आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते आवरलं.

मग घड्याळजी बोलले, पण ओरडून नाही. अंगणापलीकडून ऐकू येईल इतपतच.

“तुला विचारलं असतं तर तू मन मारून विका म्हणाली असतीस. मला ठाऊक होतं. आणि तू विका म्हणाली असतीस, तर माझ्याच्याने ती विकवली नसती.”

तिने स्टिअरिंगवर हात ठेवला. ते नवं, गुळगुळीत होतं. ओळखीचा एक ओरखडासुद्धा त्यावर नव्हता. तिने नाक ओढलं.

“दोन,” ती म्हणाली. “दोन रेघा.”

“बरं,” वरून उत्तर आलं. “आता खाली जातो. स्वयंपाकघरातून बघू.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वायफाय कंपनीचा माणूस होता. जोडणी तिच्या नावावर असल्यामुळे त्याने तिलाच फोन केला होता. काकू, तुम्ही बाजारात गेला होतात ना काल, तेव्हा काकांच्या सांगण्यावरून गॅरेजमध्ये वेगळा डबा बसवून गेलो, असं तो सांगत होता. आम्ही दोघांनी गाडीत बसून तपासलं, चारही रेघा येत होत्या. आजही येतायत ना?

तिने मान वर केली. शटरच्या वर, तुळईला लागून, एक छोटा पांढरा डबा हिरवा दिवा लावून बसला होता. तिच्या पहिल्या ‘एक’लाच घड्याळजींना सगळं कळलं होतं तर.

“येतायत हो,” तिने फोनवर हळूच सांगितलं आणि तो ठेवला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत घड्याळजी येऊन उभे राहिले होते. डबा नाही, वायर नाही. हातात चहाचा कप तेवढा होता.

“आता किती?” त्यांनी विचारलं.

तिने शेजारची सीट मागे झुकवली आणि गाडी सुरू केली.

“एकही नाही,” ती म्हणाली. “कप ठेवा आणि या. रस्त्यावर येतंय का बघू.”