इंदुमतीने भात सोडला

इंदुमती तांडेलचा मुलगा होडीसकट बुडाला, त्याला आठवडा झाला होता. ती पडवीत बसून त्याचं फाटलेलं जाळं दुरुस्त करत होती आणि तिचा चेहरा प्रसन्न होता.

“चार दिस भात सोडलंय,” ती समोर बसलेल्या शलाकाला म्हणाली. “तरी डोळ्यातसून पाणी येणा नाय.”

शलाका किनाऱ्यावरच्या कृषी महाविद्यालयात शिकवायची. शेतांत खारं पाणी घुसल्यावर बेटावरची माणसं खचली, काहींनी गळफास घेतला. तेव्हा तिने आणि शेजारच्या कॉलेजातल्या मानसशास्त्रवाल्यांनी मिळून हा तांदूळ काढला. तो खाऱ्या मातीत पिकायचा आणि खाणाऱ्याचं मन खचू द्यायचा नाही. तेव्हापासून बेटावर कुणी रडलं नव्हतं.

“कधी उतरतला ह्या?” इंदुमतीने विचारलं.

“काकी, ते आता अंगात मुरलंय,” शलाका खाली बघत म्हणाली. “उतरणार नाही.”

इंदुमती समजूतदारपणे हसली. “तू डबो घरसून आणतंस मां, हयलो भात खाणस नाय? मगे तू रड त्याच्यासाठी.”

दर खेपेला शलाकाला होडीतून बेटावर आणायचा तो इंदुमतीचा मुलगाच. शलाकाला हुंदका आवरला नाही.

आवाज ऐकून शेजारीण वाटीत त्याच तांदळाची गरम पेज घेऊन आली. “पी गो बाय, बरां वाटात.”

इंदुमतीने वाटी शेजारणीच्या हातातून काढून घेतली आणि अंगणात ओतली.

“रडांदेत तिका,” ती हसतच म्हणाली. “माझ्या झिलासाठी रडूक दुसरां कोण आसा?”