ढब्बूचं दुखणं

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. औषधवाल्याने काउंटरखाली मोबाईल धरला आणि तो पुन्हा पंधरा वर्षांची मुलगी झाला. मुलामुलींच्या त्या ग्रुपवर त्याचं नाव होतं खारूताई.

तिथे तब्येतीवर जो तो अक्कल पाजळत होता. कुणी मुरुमांवर टूथपेस्ट फासायला सांगत होतं, कुणी जेवण सोडून बारीक व्हायला. वाचून त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. साऱ्या वस्तीला गोळ्या देणाऱ्या माणसाची लेक इथे या दीडशहाण्यांना विचारते, आणि घरात मिठाची गुळणी धरून बसते. ती घरच्या बोक्याचं नाव घेऊन लिहायची, म्हणून तर त्याने तिला ओळखलं. ढब्बू.

महिना झाला, ती धड जेवत नव्हती. चेहरा पार उतरला होता.

"काय होतंय तुला?" सकाळी मोरीत रुमाल धुताना त्याने विचारलं होतं.

"काही नाही. तुम्हाला काय होतंय?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

ती दप्तर उचलून निघून गेली. "लेकीवर डाफरू नका," बायको आतून म्हणाली. "आणि हल्ली रुमाल स्वतः धुता, बरे सुधारलात."

आता ढब्बूने ग्रुपवर लिहिलं होतं, "झोप येत नाही. घास उतरत नाही. घरी बोलायची सोय नाही."

खाली उत्तरांचा पाऊस. परीक्षेचं टेन्शन. लिंबूपाणी पी. आईची झोपेची गोळी घे.

त्याने कपाळावर हात मारला. तेवढ्यात ठसका लागला. खोक्यांवरची धूळ, दुसरं काय. रुमाल न बघताच खिशात कोंबून त्याने घाईघाईने लिहिलं, "या माकडांचं ऐकू नकोस. गोळी तर मुळीच घेऊ नकोस. दुखणं लपवलं की वाढतं. घरच्यांपासून लपवणारा माणूस त्यांचाच घात करतो. आजच्या आज बाबांशी बोल."

एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

मग ढब्बूचं उत्तर आलं.

"मला काही झालेलं नाही गं. विचारलं तर बाबाच डाफरतात. ते खोकतात आणि रुमाल स्वतः धुतात. काल एका रुमालावरचं रक्त नीट निघालं नव्हतं."