पन्नाशीची लाल गाडी

"वहिनी, पहिली फेरी तुमचीच," असं म्हणत मोटार क्लबचे अध्यक्ष नोशीरभाई यांनी इंदुमतीबाईंच्या हातात किल्ली ठेवली. क्लबच्या पन्नाशीनिमित्त एका कार कंपनीनं अशा मोजक्याच लाल स्पोर्ट्स कार बनवल्या होत्या.

बाई कचरल्या. पूर्वी प्रत्येक रॅलीत गाडी त्या चालवायच्या आणि शेजारी नकाशा घेऊन बसलेले यजमान रस्ता सांगायचे. ते गेल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"मी बसतो ना शेजारी," नोशीरभाई म्हणाले.

कात्रजचा घाट लागला तशी गाडी मोकळी धावू लागली. बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. नकळत त्यांनी विचारलं, "अहो, पुढचं वळण कसंय?"

विचारलं आणि त्यांनी चटकन जीभ चावली.

नोशीरभाई समोर बघतच हळूच म्हणाले, "डावं आहे, वहिनी. घ्या बिनधास्त."