अकरा किलो

अकोल्याच्या मे महिन्यात दिगंबर स्वेटर घालून जेवायला बसला, तेव्हा विमलने कूलर बंद केला.

"वजन उतरलं की थंडी वाजतेच," अर्धी भाकरी बाजूला सारत तो म्हणाला.

तीन महिन्यांत अकरा किलो. जिलेबीवर जीव असलेल्या माणसाला पन्नाशीत डाएट कसं सुचलं? तो काहीतरी जिवावरचं दुखणं लपवतोय, असा विमलला संशय आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या कपाटात दवाखान्याची फाइल सापडली. ती घेऊन विमलने थेट डॉक्टरांना गाठलं.

"त्यांना आजार नाही," डॉक्टर म्हणाले. "भावाला यकृताचा तुकडा द्यायचाय, म्हणून चरबी उतरवायला सांगितली होती. आता फक्त पत्नी म्हणून तुमची संमतीची सही राहिलीय."

बारा वर्षांपूर्वी याच दिराने भर मांडवातून तिच्या वडिलांना हाकललं होतं.

"मला का सांगितलं नाहीत?" घरी येताच तिने विचारलं.

"तू नको म्हणशील, याची भीती वाटली."

"म्हणणारच होते."

विमलने त्याच्या उतरलेल्या खांद्यांवरचा स्वेटर सारखा केला.

"जाऊबाई दवाखान्यात एकट्याच असतात ना?" ती म्हणाली. "उद्या त्यांचा डबा मी नेते. सहीही तेव्हाच करेन."