रेवाला बोलावणारा आवाज

सागरी पार्कमधली रेवा ही ओर्का व्हेल खेळासाठी वेळेवर वर यावी म्हणून तिची प्रशिक्षक हेमांगी तांडेल नऊ वर्षं एक जुनं रेकॉर्डिंग वाजवत आली होती. ते ऐकलं की रेवा जीव तोडून पोहत यायची आणि लोक टाळ्या पिटायचे. आज ओर्कांची भाषा उलगडणारं यंत्र प्रथमच टाकीला जोडलं होतं. रेकॉर्डिंग सुरू होताच पडद्यावर अक्षरं उमटली, ‘आई, मी इथे आहे.’

हेमांगी शेजारी उभ्या व्यवस्थापकांकडे वळली. “सर, हा आवाज कुणाचा?”

“तिच्या पिल्लाचा,” व्यवस्थापक म्हणाले. “तू यायच्या आधीच दुसऱ्या पार्कला दिलं ते.”

रेवा काठाशी आली. पडद्यावर नवी ओळ उमटली, ‘कुठे आहेस? आज तरी दिस.’

हेमांगीने स्पीकरची वायर उपटली. तरी रेवा डोकं वर काढून तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.