नाडीचा आकडा

ठोके चुकतात म्हणून अण्णांच्या हृदयावर अ‍ॅब्लेशनची शस्त्रक्रिया झाली, तरी अधूनमधून छातीत धडधड सुरू व्हायचीच. "काही महिने असं होईल," डॉक्टर म्हणाले. "फक्त चिडायचं नाही." आयुष्यभर घर डोक्यावर घेणारा माणूस तेव्हापासून गप्प बसायला शिकला.

रोज संध्याकाळी बायको त्यांच्या बोटाला नाडी मोजायचं यंत्र लावते आणि शेजारी शेंगा सोलत बसते. लेक फोनवर सगळ्यांना सांगते, "आई अण्णांना तळहातावरच्या फोडासारखं जपते."

आजही यंत्र लावून झाल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्या अंगावर भरलं ताट भिरकावलंत, आठवतं? माझी आई तेव्हा दारातच उभी होती."

अण्णांनी तोंड उघडलं. आकडा भराभर चढला.

"अं हं, चिडायचं नाही." ती थांबली. चार शेंगा सोलल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आकडा पुरता खाली येऊ दिला.

"हं, झालात शांत. आता पुढचं ऐका. अजून तर आपल्या लग्नाचं पहिलं वर्षही सांगून झालेलं नाही."